सात काडतुसं, पंधरा वर्षं

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका घरापासून सुरुवात करते. तिथे एका बाईचा नवरा वारला होता. मागे राहिलेलं सामान विकायला शेजारचा एक माणूस तिच्या मदतीला गेला. त्या सामानाबरोबर शॉटगनची सात काडतुसं त्याच्या घरी आली. ती सापडली तेव्हा त्याने ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. त्याच्या घरात बंदूक नव्हती. ती सात काडतुसं ज्यातून उडवता येतील असं काहीही नव्हतं.

पण या माणसाने साधारण वीस वर्षांपूर्वी, तरुणपणी, घरफोड्या केल्या होत्या. त्यांची शिक्षा त्याने भोगली होती. पोलिसांना ड्रॉवरमध्ये ती काडतुसं मिळाली आणि त्याला पंधरा वर्षांची कैद झाली. 2014 मध्ये अपील न्यायालयाने ती कायम केली. पंधरा वर्षं हा त्या कायद्यातला किमान आकडा आहे. न्यायाधीशाला चौदा वर्षं अकरा महिनेसुद्धा देता येत नाहीत.

एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर मी तुमच्यापासून काहीतरी लपवलं असं होईल. पोलीस त्याच्या घरी उगाच आले नव्हते. त्याच सुमाराच्या काही चोऱ्यांच्या तपासात त्याचं नाव पुढे आलं होतं. म्हणजे माणूस पूर्ण सुधारला होता आणि कायद्याने त्याला गाठलं, असं चित्र मी रंगवणार नाही. चोऱ्यांची शिक्षा त्याला व्हायला हवी होती. पण पंधरा वर्षं चोऱ्यांसाठी नव्हती, ती सात काडतुसांसाठी होती. हा फरक कळायला मला वेळ लागला, आणि आजचं बोलणं त्याच्याभोवतीच आहे.

आधी कायदा काय आहे ते बघू. अमेरिकेत गुन्ह्यांचे ढोबळ दोन वर्ग आहेत, फेलनी आणि मिस्डिमीनर. आपल्याकडच्या दखलपात्र-अदखलपात्रशी याची गल्लत करू नका. ती विभागणी पोलिसांच्या अधिकाराची आहे, ही शिक्षेच्या वजनाची. ज्या गुन्ह्याला एक वर्षापेक्षा जास्त कैद होऊ शकते तो साधारणपणे फेलनी. इथे ‘होऊ शकते’ हे महत्त्वाचं. झाली किती, याला अर्थ नाही. न्यायाधीशाने एक दिवसही आत न टाकता सोडून दिलं तरी माणूस फेलनच राहतो.

अशा माणसाने बंदूक बाळगायची नाही, हा केंद्रीय कायदा 1938 पासून आहे. सुरुवातीला तो हिंसक गुन्हे केलेल्यांपुरता होता. 1961 मध्ये त्यात एक वर्षापेक्षा जास्त शिक्षेचा कुठलाही गुन्हा आला. मग 1968 उजाडलं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांना. जॉन केनेडींचा खून होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. त्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल ॲक्टवर सही केली. आज चालतो तो बंदीचा साचा तिथला. बंदी बंदुकीवर आहे तशी काडतुसावरही आहे, आणि ती जन्मभराची आहे.

‘बाळगणं’ या शब्दात काय काय येतं तेही सांगायला हवं. खिशात, हातात हवं असं काही नाही. गाडीच्या सीटखाली, कपाटात, जिथे तुमचा ताबा चालतो तिथे ती वस्तू आहे आणि तुम्हाला ती माहीत आहे, एवढं पुरतं. आपल्याकडच्या आर्म्स ॲक्टच्या खटल्यांतही ‘जाणीवपूर्वक ताबा’ हाच वादाचा मुद्दा असतो. ज्यांनी पंचनाम्यातलं ‘दोन जिवंत काडतुसे मिळून आली’ हे वाक्य वाचलंय, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

ही बंदी मोडली तर पूर्वी जास्तीत जास्त दहा वर्षं होती, 2022 च्या दुरुस्तीपासून जास्तीत जास्त पंधरा. ‘जास्तीत जास्त’ म्हणजे न्यायाधीश दोन वर्षंही देऊ शकतो. मग त्या टेनेसीवाल्याला किमान पंधरा कशी लागली? त्यासाठी 1984 मधल्या फिलाडेल्फियाच्या एका माणसाकडे जावं लागतं.

आर्लेन स्पेक्टर. 1966 ते 1974 या काळात ते फिलाडेल्फियाचे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील होते. पुढे सिनेटर झाले. त्याच शहरात मार्व्हिन वुल्फगँग या समाजशास्त्रज्ञाने एक मोठा अभ्यास केला होता. 1945 मध्ये जन्मलेल्या 9945 मुलांची पोलिसांकडची नोंद त्याने आणि सहकाऱ्यांनी तपासली. त्यातली 627 मुलं, म्हणजे शंभरात सहा, पुन्हा पुन्हा गुन्हा करणारी निघाली. पण नोंदलेल्या सगळ्या गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक गुन्हे या 627 जणांच्या नावावर होते. हे 1972 मध्ये प्रसिद्ध झालं आणि अमेरिकेतल्या फौजदारी विचाराला त्याने वळण दिलं. थोडी माणसं फार गुन्हे करतात, ती बाजूला काढली तर शहर शांत होईल, असा तो विचार. सरकारी वकिलाला तो पटणारच. तुमच्या माझ्या गावातल्या कुठल्याही ठाणेदाराला विचारा, तोही हेच सांगेल. आणि त्यात तथ्य आहे.

स्पेक्टर यांनी 1984 मध्ये आर्म्ड करिअर क्रिमिनल ॲक्ट आणला. पोटापाण्याचा धंदा म्हणून गुन्हे करणारा आणि हाती शस्त्र असलेला, असा त्या नावाचा अर्थ. आपल्याकडे एकच शब्द आहे, ‘सराईत’. मूळ कायदा आटोपशीर होता. जबरी चोरी किंवा घरफोडीच्या तीन शिक्षा आधी झालेल्या असतील आणि मग बंदूक सापडली, तर किमान पंधरा वर्षं, कमाल जन्मठेप. दोनच वर्षांनी, 1986 मध्ये, तो फुगवला. ‘हिंसक फेलनी’ आणि ‘गंभीर अमली पदार्थ गुन्हा’ असे दोन मोठे गट आले. हिंसक म्हणजे काय हे सांगताना शेवटी एक शेपूट जोडलं. ज्या कृत्यात दुसऱ्याला शारीरिक इजा होण्याची गंभीर शक्यता आहे असं कुठलंही कृत्य, असा त्याचा आशय.

आता त्या न्यायाधीशाच्या जागी बसून बघा. समोर माणूस उभा आहे. त्याने आज काय केलं हे स्पष्ट आहे, बंदूक बाळगली. पण शिक्षा ठरणार आहे त्याच्या जुन्या तीन कागदांवर. ते कागद तीन वेगळ्या राज्यांतले असतील. प्रत्येक राज्याची दंडसंहिता वेगळी. ‘घरफोडी’ हा शब्द एकच, पण एका राज्यात ती बंद घर फोडणं, दुसऱ्यात गाडी किंवा होडीसुद्धा. आपल्या जुन्या भारतीय दंड संहितेत गृह-अतिक्रमणाच्या व्याख्येत इमारत, तंबू आणि जहाज तिन्ही होती, तसंच. मग कुठली घरफोडी मोजायची आणि कुठली नाही?

1990 मध्ये टेलर खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने उत्तर दिलं. माणसाने प्रत्यक्षात काय केलं ते बघू नका, ज्या कलमाखाली शिक्षा झाली त्या कलमाचे शब्द बघा. ते शब्द फार रुंद असतील तर ती शिक्षा मोजायची नाही. याला कारण होतं. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवणं शक्य नसतं, साक्षीदार मेलेले असतात, कागद हरवलेले असतात. पण परिणाम असे झाले की सामान्य माणसाला ते पटवणं कठीण. 2016 च्या मॅथिस खटल्यातल्या आरोपीने आयोवा राज्यात इमारतीच फोडल्या होत्या. पण आयोवाच्या कलमात गाड्याही येत होत्या, म्हणून त्याची एकही घरफोडी मोजली गेली नाही. तेच घर शेजारच्या राज्यात फोडलं असतं तर कदाचित पंधरा वर्षं. माणूस तोच, कुलूप तसंच, निकाल निराळा.

आणि ते शेपूट. त्याचा अर्थ लावण्यात कोर्टाची आठ वर्षं गेली. दारू पिऊन गाडी चालवणं हिंसक आहे का? 2008 मध्ये म्हणाले, नाही. पोलिसांपासून गाडीतून पळणं? 2011 मध्ये म्हणाले, हो. शेवटी 26 जून 2015 ला जॉन्सन खटल्यात न्यायमूर्ती ॲन्टोनिन स्कॅलिया यांनी निकालपत्र लिहिलं की हे शब्द इतके धूसर आहेत की नागरिकाला काय टाळायचं ते कळत नाही आणि न्यायाधीशाला काय मोजायचं ते कळत नाही, म्हणून ते घटनाबाह्य. हे स्कॅलिया बंदुकीच्या हक्काचे मोठे पुरस्कर्ते. व्यक्तीला बंदूक बाळगण्याचा घटनात्मक हक्क आहे हे सांगणारा 2008 चा हेलर निकाल त्यांचाच. पुढच्या वर्षी वेल्च खटल्यात कोर्टाने सांगितलं की जॉन्सन निकाल मागच्या तारखेपासून लागू होईल. त्यामुळे त्या शेपटावर बेकायदा पंधरा वर्षं भोगणाऱ्या अनेकांच्या शिक्षा कमी झाल्या. त्यातल्या कुणाची तोवर दहा वर्षं आत गेली असतील, ती परत देता येत नाहीत.

एका खटल्याशी मात्र मी थांबणार आहे, कारण तो माझ्या मनातून जात नाही. विल्यम डेल वुडन. 1997 मध्ये जॉर्जिया राज्यात त्याने आणि साथीदारांनी एका रात्री सामान ठेवण्याचे भाड्याचे गाळे फोडले. एका गाळ्यात शिरले, मग मधली पातळ भिंत फोडून पुढच्यात, मग त्याच्या पुढच्यात. असे दहा गाळे. त्याने दहा घरफोड्यांचा गुन्हा कबूल केला आणि दहा शिक्षा एकत्र भोगल्या. मग सतरा वर्षं गेली. 2014 च्या नोव्हेंबरातल्या थंड सकाळी एक पोलीस अधिकारी त्याच्या दारात आला आणि त्याच्या बायकोशी बोलायचंय म्हणाला. बाहेर गारठा आहे, आत उभा राहू का, असं त्याने विचारलं. वुडनने आत घेतलं. आत आल्यावर अधिकाऱ्याला बंदुका दिसल्या.

साध्या हिशेबाने त्याला सुमारे दोन वर्षं लागली असती. पण सरकारने म्हटलं, याच्या नावावर दहा घरफोड्या आहेत, तीन पुरतात. त्याला 188 महिने झाले, जवळजवळ सोळा वर्षं. कायद्यात एक अट होती की तीन गुन्हे ‘वेगवेगळ्या प्रसंगी’ घडलेले असावेत. खालच्या कोर्टांनी म्हटलं, एक भिंत फोडली, मग दुसरी, क्षण वेगळे म्हणजे प्रसंग वेगळे. 7 मार्च 2022 ला सुप्रीम कोर्टाने हे खोडून काढलं. न्यायमूर्ती एलेना कॅगन यांनी लिहिलं की ‘प्रसंग’ हा रोजच्या भाषेतला शब्द आहे, तो रोजच्या भाषेतच वाचा. त्यांनी लग्नाचं उदाहरण दिलं. लग्नात विधी असतो, जेवण असतं, नाच असतो, पण प्रसंग एकच. मी हे वाचलं आणि मला सीमांतपूजनापासून सुनमुखापर्यंतचं आपलं लग्न दिसलं. कुठलीही आजी सांगेल की ते एकच कार्य आहे. सर्व न्यायमूर्ती वुडनच्या बाजूने होते. एवढ्या उघड गोष्टीसाठी एका माणसाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

मग प्रश्न उरला, प्रसंग एक की अनेक, हे ठरवायचं कुणी? जून 2024 मध्ये अर्लिंजर खटल्यात कोर्टाने सांगितलं की हे न्यायाधीशाने कागद बघून ठरवायचं नाही, ज्युरीने, वाजवी संशयापलीकडे. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी आठवतो आणि लोक हसतात. माझ्या मते तिथल्या ज्युरीचं मोल वेगळं आहे. पंधरा वर्षं देण्याआधी बारा सामान्य माणसांना ‘हा एकच प्रसंग होता का’ हे विचारावं लागतं, ही मोठी सुधारणा आहे.

बंदुकीच्या हक्काची बाजू थोडक्यात सांगते. हेलर निकालातच स्कॅलियांनी लिहून ठेवलं होतं की फेलनांवरच्या जुन्या बंदीवर आम्ही शंका घेत नाही. पण 2022 च्या ब्रुएन निकालाने कसोटी बदलली. बंदुकीवरचं कुठलंही बंधन अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत बसतं का, ते बघायचं. मग प्रश्न निघाला की अठराव्या शतकात फेलनची बंदूक जन्मभर काढून घेत होते का? पेनसिल्व्हेनियातल्या ब्रायन रेंज यांनी 1995 मध्ये फूड स्टॅम्प, म्हणजे आपल्या रेशनसारखी मदत, मिळवताना उत्पन्न खोटं सांगितलं होतं. रक्कम 2458 डॉलर. तुरुंगात एकही दिवस गेले नाहीत. पण गुन्ह्याला कमाल पाच वर्षं होती, म्हणून बंदूक जन्मभर बंद. फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाने 2023 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने रहिमी खटल्यात म्हटलं की जो दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं कोर्टाने ठरवलंय त्याच्याकडून शस्त्र काढून घेता येतं. रेंज यांचं प्रकरण पुन्हा ऐकलं गेलं आणि डिसेंबर 2024 मध्ये तेच पुन्हा जिंकले. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट सुप्रीम कोर्टात येण्याआधी, 2019 मध्ये, अपील न्यायालयातल्या आपल्या विरोधी मतात म्हणाल्या होत्या की शस्त्र धोकादायक माणसाकडून काढा, केवळ फेलन आहे म्हणून नाही. बंदुकीच्या हक्काविषयी त्यांचं माझं अजिबात जमणार नाही. पण या एका वाक्याशी मी सहमत आहे.

आता आपल्याकडे येते. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही. 1959 चा शस्त्र अधिनियम सांगतो, परवाना असेल तर ठेवा. कलम 9 मध्ये कुणाला ठेवता येणार नाही याची यादी आहे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस शिक्षा संपल्यावर पाच वर्षं शस्त्र ठेवू शकत नाही. पाच वर्षं. मग त्याचा अर्ज करण्याचा मार्ग मोकळा होतो, आणि द्यायचा की नाही हे परवाना अधिकारी माणूस बघून ठरवतो. वकिली सुरू केली तेव्हा मला हे सैल वाटायचं. आज मला त्यात शहाणपण दिसतं. अमेरिकेतही असा अर्ज करायची सोय कायद्यात आहे. पण 1992 पासून तिथली काँग्रेस त्या अर्जांच्या तपासासाठी पैसेच देत नव्हती. दार ठेवलं आणि कुलूप लावलं. 2025 मध्ये न्याय खात्याने ते पुन्हा उघडण्याची हालचाल केली.

पुन्हा गुन्हा करणाऱ्यासाठी आपलं कलम 31 आहे. शस्त्र अधिनियमाखाली एकदा शिक्षा झाली आणि पुन्हा त्याच अधिनियमाखाली झाली, तर नंतरच्या गुन्ह्याची शिक्षा दुप्पट. इथे जुनी घरफोडी मोजत नाहीत, जुनं शस्त्रच मोजतात. विनापरवाना बंदूक बाळगण्याची किमान शिक्षा 2019 च्या दुरुस्तीने एका वर्षाची दोन वर्षं झाली, पण पुरेशी आणि विशेष कारणं लिहून न्यायाधीश त्याहून कमी देऊ शकतो. ती फट राहिली, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

ही फट का हवी, याचं सर्वात स्पष्ट उत्तर आपल्याच एका माणसाने दिलंय. पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. भारतीय दंड संहितेत कलम 303 होतं. जन्मठेप भोगत असलेल्या माणसाने खून केला तर फाशीच, दुसरी शिक्षा नाही. पुन्हा गुन्हा करणाऱ्यासाठी ठोकळ्यासारखी शिक्षा ठेवण्याचं याहून कठोर उदाहरण नाही. 1983 मध्ये मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ते कलम रद्द केलं. ज्या कायद्यात न्यायाधीशाला गुन्ह्याची परिस्थिती बघता येत नाही तो कायदा न्याय्य नाही, हा त्या निकालाचा गाभा. 2012 मध्ये शस्त्र अधिनियमातली सक्तीची फाशी, कलम 27(3), सुप्रीम कोर्टाने रद्द केली तेव्हा मिठूचाच आधार घेतला. मी विद्यार्थिनी असताना मिठू परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ मला कळला तो पुढे, एका जामीन अर्जाच्या वेळी.

आमच्या जिल्ह्यातला एक तरुण होता. गावठी कट्टा आणि एक काडतूस मिळालं होतं. रिमांड अर्जात पोलिसांनी पहिल्याच ओळीत लिहिलं, ‘आरोपी सराईत गुन्हेगार आहे.’ खाली चार जुने गुन्हे. मी चारही प्रकरणांच्या नकला काढल्या. दोनांत निर्दोष सुटला होता, एक तडजोडीत मिटलं होतं, एक अजून चालू होतं. शिक्षा एकही नव्हती. पण ‘सराईत’ हा शब्द अर्जात होता, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात होता आणि शेवटपर्यंत तो खोडला गेला नाही. त्याच्याकडे कट्टा होता, यात मला शंका नव्हती. तो निर्दोष होता असं मी कधी म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की मोजायचं असेल तर नीट मोजा.

अमेरिकेचा कायदा निदान शिक्षा मोजतो. आपला 1999 चा मकोका आरोपपत्रं मोजतो. दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं दाखल झाली आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतली, की ‘सततचं बेकायदेशीर कृत्य’ ठरायला पुरतं. दोष सिद्ध व्हावा लागत नाही. संघटित टोळ्यांनी मुंबईत काय केलं हे मला माहीत आहे, आणि त्या काळात तसा कायदा का आला हेही कळतं. तरीही आरोपपत्र हा पोलिसांचा कागद आहे, न्यायालयाचा नाही, हे वकील म्हणून मला सांगावंच लागेल.

आणि महाराष्ट्रात ‘सराईत’ हा शब्द उच्चारताना मागचा इतिहास विसरता येत नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसं सराईत ठरवली. सोलापुरात काटेरी तारांच्या वसाहतीत ती ठेवली होती. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यातही 1959 मध्ये आला. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल दिला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा तो निकाल. त्यात विमुक्त जमातींना ‘सराईत’ समजण्याच्या सवयीवर कोर्टाने स्पष्ट बोट ठेवलं. त्यामुळे तीन कागद बघून माणूस ठरवणाऱ्या कुठल्याही कायद्याकडे बघताना मी आधी विचारते की ते कागद कुणाच्या नावाने सहज तयार होतात.

माझं म्हणणं मऊ समजू नका. मी कट्ट्याने मेलेल्या मुलाच्या घरी गेलेली आहे. त्याच्या आईसमोर बसून ‘आरोपीचे हक्क’ हा शब्द तोंडातून निघत नाही. ज्याने कालच बायकोवर बंदूक रोखली त्याच्याकडून ती आजच काढून घ्यावी, आणि पुन्हा सापडली तर त्याला आत टाकावं, असं मला ठाम वाटतं. पण कालचा धोका आणि वीस वर्षांपूर्वीचा गाळा या दोन गोष्टी एकाच तराजूत घालून त्यावर पंधरा वर्षांचं एकच वजन ठेवू नका. जुनी शिक्षा किती जुनी आहे, मधल्या वर्षांत माणूस कसा वागला, आज हाती काय सापडलं आणि कशासाठी होतं, हे चार प्रश्न विचारायला न्यायाधीशाला मोकळीक ठेवा. अमेरिकेत बंदूकबंदी मोडल्याबद्दल दरवर्षी काही हजार माणसांना शिक्षा होते, त्यातल्या काही शेकडोंना ही किमान पंधरा वर्षं लागतात. बाकीच्या हजारोंना न्यायाधीश माणूस बघूनच शिक्षा देतात, आणि त्यामुळे कायदा कोसळलेला नाही.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातले दोन इथे दिले आहेत.)

मागच्या रांगेतल्या काकांनी विचारलं की भारतात शिक्षा झालेला माणूस अमेरिकेत गेला तर त्याच्यावर ही बंदी लागते का. काका, चांगला प्रश्न आहे. 2005 मध्ये स्मॉल खटल्यात हाच वाद होता. त्या माणसाला जपानमध्ये शिक्षा झाली होती. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यातलं ‘कुठल्याही न्यायालयात’ म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही न्यायालयात. परदेशातल्या शिक्षा या बंदीसाठी मोजत नाहीत. पण व्हिसा मिळण्याचे नियम वेगळे आहेत, तिथे तुमची इथली नोंद नक्की विचारतात.

दुसरा प्रश्न ताईंचा होता. त्यांचा भाचा तिकडे शिकतोय आणि मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर गेल्याचे फोटो पाठवतो, त्यात काही गैर आहे का. ताई, त्याला आजच फोन करा. विद्यार्थी किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला तिथे बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट आहे, आणखीही काही अपवाद आहेत, पण ते आधी वकिलाकडून समजून घ्यायचे असतात. हमीद रेहैफ नावाचा अमिरातीचा विद्यार्थी फ्लोरिडात शिकत होता. गुण कमी पडले, विद्यापीठाने काढून टाकलं, तरी तो तिथेच राहिला. मग एका शूटिंग रेंजवर जाऊन त्याने बंदूक चालवली आणि त्याच्यावर खटला झाला. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बंदूक हातात होती एवढं सिद्ध करून भागणार नाही, आपण बंदी असलेल्या वर्गातले आहोत हे त्याला माहीत होतं हेही सरकारने सिद्ध करायला हवं. ती अट आता फेलनांच्या खटल्यांतही लागते. पण तिथवर पोचायला त्या मुलाची किती वर्षं गेली ते बघा. भाच्याला सांगा, व्हिसाचा कागद आणि वकिलाचा सल्ला हातात घेतल्याशिवाय त्या रेंजवर पुन्हा पाऊल टाकू नकोस.